रविवारचे दोन पाहुणे

आमच्या नणंदबाई चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, त्याच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, तिच्यात एकामागून एक भिंगं सरकवायची आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय, का मघाशी बरं होतं?" सोमवार ते शनिवार त्या एवढंच विचारतात. बाकीचे सगळे प्रश्न त्या रविवारी सकाळी रेडिओवर जाऊन विचारायच्या. विचारायच्या असं म्हणते, कारण आता ते बंद झालं. कसं बंद झालं ते सांगते.

घरात सगळे त्यांना ताई म्हणतात. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या वरच्या खोलीत राहत होत्या, कारण त्यांचं स्वतःचं लग्न मोडलं होतं. का मोडलं, ते त्यांनी सख्ख्या भावालासुद्धा सांगितलं नव्हतं. मला असल्या गोष्टी कळल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. नवी नवरी असूनही पहिल्याच आठवड्यात मी त्यांना गाठलं आणि सरळ विचारलं, "ताई, तुमचं नक्की काय बिनसलं हो?" त्या चहा करत होत्या. माझ्याकडे जराही न रागावता बघून म्हणाल्या, "तुला साखर किती घालू?" साखर किती ते मी सांगितलं. माझं उत्तर अजून यायचं आहे.

रेडिओ म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, भिंतींना आवाज शोषायला जुने गालिचे ठोकलेले, आणि गच्चीवर एक उंच खांब. आसपासच्या वस्त्यांपलीकडे कुणाला ऐकू जात नाही. रविवारी तिथे दुसरं कुणी नसायचं. ताईच माईक लावायच्या, ताईच बटणं वरखाली करायच्या, ताईच बोलायच्या. खालचा दुकानदार भला माणूस. कार्यक्रम चालू असताना घंट्या वाजवू नका म्हणून तो गिऱ्हाइकांना दटावायचा, पण नवी सायकल घ्यायला आलेलं पोर ऐकतंय होय? मध्येच एखादी घंटा रेडिओवर ऐकू यायचीच.

कार्यक्रमाचं नाव 'दोन खुर्च्या'. तासाभरात दोन पाहुणे, आणि त्या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसायचा. सर्कशीच्या बँडमध्ये जन्मभर तुतारी वाजवलेले गृहस्थ एका खुर्चीत, तर दगडात अक्षरं कोरणारी बाई दुसरीत. कधी बाहुल्यांना आवाज देणारा माणूस, आणि त्याच्यासमोर फक्त पुलांची चित्रं काढणारी कुणी मुलगी. मधूनमधून गाणी, त्यांचीही तीच तऱ्हा. एकदा घंटानाद झाला, मग शिट्टीवर वाजवलेली नाचाची धून, आणि लगेच कुणा आजीने खोकत खोकत म्हटलेलं अंगाईगीत. माझा नवरा म्हणायचा, "हा कार्यक्रम आहे की अडगळीची खोली?" पण रेडिओ बंद करायचा नाही. रविवारी बूट पॉलिश करायला तो बरोब्बर त्याच वेळी बसायचा.

ताईंची कामाची पद्धत जगावेगळी. पाहुण्याबद्दल आधी काही वाचायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. फोनवर फक्त त्याचं काम काय ते ऐकायचं. कार्यक्रमातही पाहुण्याची ओळख त्याच्या कामानेच, नाव अगदी शेवटी. आणि मुख्य म्हणजे दोन्ही पाहुण्यांना आधी भेटू द्यायचं नाही. एकाला सायकलच्या दुकानातल्या बाकावर बसवायचं, दुसऱ्याला वरच्या मागच्या खोलीत. कार्यक्रम सुरू झाला की मगच दोघांना आत घ्यायचं. "त्यांचा पहिला नमस्कारसुद्धा लोकांच्या कानांवर पडला पाहिजे," त्या म्हणायच्या. "बाहेर उरकून घेतला की तो शिळा होतो." आणि विचारायचं ते कामाचं, घरचं नाही. मला हे कधी पटलं नाही. घरचं न विचारता माणूस कळतो तरी कसा?

घरातही त्यांचं तेच. माझी आई गेली तेव्हा माझी अवस्था वाईट होती. येणारा जाणारा प्रत्येक जण हात धरून विचारायचा, आता बरं वाटतंय का. ताई दुकानातून आल्या की माझ्या शेजारी बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या. एका शब्दाने विचारलं नाही. मला त्यांचा राग आला होता, कोरड्या आहेत म्हणून मी नवऱ्याला बोललेही. तो राग केव्हा गेला ते मला आठवत नाही. त्या घड्या तेवढ्या आठवतात.

मग रेडिओवर नवे साहेब आले. आम्ही घरात त्यांना आकडेसाहेब म्हणायचो, कारण ते कशालाही आकड्याशिवाय हात लावत नसत. त्यांनी ताईंना बोलावून सांगितलं की तुमच्या कार्यक्रमाचे आकडे बरे नाहीत. "लोकांनी सोमवारी कामावर जाऊन त्याबद्दल बोललं पाहिजे, बाई. पुढे काय, अशी चुटपुट लागली पाहिजे." नवं वेळापत्रक लागेपर्यंत काही घडलं तर ठीक, नाहीतर त्या वेळेत आवडीची गाणी लावणार होते. ताईंनी घरी येऊन हे अर्धं वाक्य सांगितलं, बाकीचं माझ्या नवऱ्याने काढून घेतलं. त्या दिवसापासून त्यांच्या ताटात अन्न उरायला लागलं. मला भीती वाटली. दिवसभर भिंगं आणि संध्याकाळी वरची खोली, एवढ्यावर कुणी किती दिवस काढेल? तो एक तास गेला तर या बाईकडे स्वतःचं असं काही उरत नव्हतं.

अशातच तो रविवार आला. मी स्वयंपाकघरात, नवरा उंबऱ्यात बूट घेऊन बसलेला. ताईंनी सांगितलं, आज एक पाहुणे नाटकांचे पडदे रंगवतात, आणि दुसऱ्या पाहुण्या सिनेमासाठी पावलांचे आवाज काढतात. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग पहिला नमस्कार यायला हवा होता, तो आलाच नाही. खालची एक घंटा वाजली.

"तुमची ओळख आहे वाटतं," ताई म्हणाल्या.

"ही माझी मुलगी," म्हातारा आवाज आला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

माझ्या नवऱ्याच्या हातातला ब्रश थांबला. पुढे कळलं ते असं, की मुलीने घर सोडलं तेव्हा आडनावही सोडलं होतं, आणि कित्येक वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. दुसरी कुणीही बाई असती तर फोनवर दोन जास्तीचे प्रश्न विचारून हे आधीच समजून घेतलं असतं. आमच्या ताईंनी आपल्या पद्धतीपायी त्यांना समोरासमोर आणून बसवलं होतं, तेही लोक ऐकत असताना.

"मी गाणं लावते," ताई घाईने म्हणाल्या. त्यांचा आवाज चाचरलेला मी पहिल्यांदा ऐकला. "कुणाला जायचं असेल तर..."

"मी कामाचं बोलायला आलेय," मुलगी म्हणाली. "यांना म्हणावं, यांना जायचं तर जाऊ दे."

"तिला सांगा, मी आधी येऊन बसलोय," म्हातारा म्हणाला. "खाली, सायकलींमध्ये."

मला हसू फुटलं. भांडलेली माणसं एका घरात कशी बोलतात ते मला काय नवीन आहे? यांना सांगा, त्यांना म्हणावं. मधलं माणूस निरोप्यासारखं दोन्हीकडे मान वळवत बसतं. फरक इतकाच, की इथे मधे ताई होत्या आणि निरोप सगळ्या वस्तीला ऐकू जात होते. पण ताईंनी स्वतःला सावरलं आणि त्यांना जे येतं तेच केलं. कामाचं विचारायला लागल्या.

म्हातारबुवांनी सांगितलं की पडद्यावरचं जंगल जवळून पाहिलं तर नुसते डाग असतात. पानं काढायची नसतात, पानं आहेत असं लांबच्या माणसाला वाटायला लावायचं असतं. "मग तुम्ही लांबून कधी बघता?" ताईंनी विचारलं. ते म्हणाले, बघतच नाही. पडदा टांगला की आपण मागच्या बाजूला, रंगाच्या बादल्या धूत. जन्मभर एवढी जंगलं केली, एकही पूर्ण बघितलं नाही.

मुलीने येताना खडीने भरलेला एक ट्रे आणि पिशवीभर बूट-चपला आणल्या होत्या. सिनेमात नट चालतो तेव्हा त्याच्या पावलांचा आवाज तिथे नीट मिळत नाही, म्हणून मागाहून बंद खोलीत, पडद्याकडे बघत, ती त्याच्यासाठी चालते. तिने चालून दाखवलं. परीक्षेला उशीर झालेली मुलगी. भाडं मागायला आलेला घरमालक. घरमालकाला बघून मागच्या दाराने सटकणारा भाडेकरू. आम्ही दोघं पोट धरून हसत होतो. नवऱ्याने एकाच बुटाला दोनदा पॉलिश केलं.

"आता कामावरून दमून घरी येणारा माणूस," ती म्हणाली.

एक पाऊल भक्कम पडायचं, दुसरं किंचित फरपटायचं. असं करत करत पावलं जवळ आली आणि शेवटच्या पायरीआधी थांबली.

"हा पाय माझा आहे," म्हातारा म्हणाला. "शिडीवरून पडलो होतो, तो. तिला विचारा, हा कुठून घेतला."

ताईंनी काही विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

"यांना सांगा," मुलगी म्हणाली, "सिनेमातला प्रत्येक दमलेला माणूस मी यांच्याच पायांनी चालवते. लोकांना आवडतो."

"आणि पायरीशी थांबला तो कशाला?" ताईंनी विचारलं.

"तिथे किल्ली शोधायचे हे. प्रत्येक खिसा चाचपायचे. आत ऐकू यायचं."

मग जे बोलणं झालं ते ताईंमधून गेलं नाही. म्हातारा थेट मुलीशी बोलला.

"तू आतून ऐकायचीस?"

"रोज."

"मग तेव्हा तू माझी वाट बघत असायचीस, की मला घाबरून बसलेली असायचीस?"

मुलीने श्वास घेतला, तो मी माझ्या कानांनी ऐकला. आणि तिथे गाणं सुरू झालं. कसलंसं संथ, लांबलचक व्हायोलिन.

मी रेडिओला चापट मारली. नवरा म्हणाला, बिघडला वाटतं. बिघडला नव्हता. आम्ही त्या व्हायोलिनसमोर ताटकळत बसलो, आता ताई येतील, मग ताई येतील. आल्याच नाहीत. नावं सांगितली नाहीत, निरोप घेतला नाही, काही नाही. तास संपला आणि आपोआप लागणाऱ्या टेपवरच्या बागकामवाल्याने गुलाबाला खत कधी घालावं ते सांगायला सुरुवात केली. त्या गुलाबांना मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नंतरची हकीकत सायकलवाल्याकडून कळली, आणि तीसुद्धा मी मुद्दाम चाकात हवा भरायला जाऊन काढून घेतली. ताई वरून आल्या, मागे दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिल्या. त्याने विचारलं, "कार्यक्रम झाला?" तर म्हणाल्या, "चालू आहे." त्याने पाणी आणून दिलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि ते दोघं खाली उतरले. पुढे मुलगी ट्रे घेऊन, मागे म्हातारा एका हाताने भिंत धरून. दुसऱ्या हातात तिची बुटांची पिशवी.

"बोलत होते का हो?" मी विचारलं.

"जिन्यात कोण बोलतंय, वहिनी? अंधार आहे तिथे. पायरीकडे बघावं लागतं."

सोमवारी आकडेसाहेबांना हवं होतं तेच झालं. चष्म्याच्या दुकानात, भाजीवाल्याकडे, माझ्या नवऱ्याच्या कारखान्यात, जो तो विचारत होता की ती काय म्हणाली. एरवी ज्यांनी हा कार्यक्रम कधी लावला नव्हता, तेसुद्धा आपण स्वतः ऐकल्यासारखे वाद घालत होते. वाट बघत असणार, एक म्हणायचा. घर सोडून गेली ती काय वाट बघणारी, दुसरा म्हणायचा. आणि संध्याकाळी आकडेसाहेब स्वतः बिस्किटांचा पुडा घेऊन आमच्या घरी आले.

मी चहा ठेवला आणि कान बाहेरच्या खोलीत. "बाई, तुम्ही कमाल केलीत," ते म्हणत होते. "ऐन वेळी तोडलंत. फोन थांबत नाहीत आमचे. आता पुढच्या रविवारी त्याच दोघांना पुन्हा बसवा. एक तास कशाला, मी दोन देतो. आणि कार्यक्रम कायमचा तुमचा."

"मी तोडलं नाही," ताई म्हणाल्या. "मी थांबवलं."

"तेच ते."

"त्यांना मी पुन्हा बोलावणार नाही."

आता मला राहवेना. चहाचे कप घेऊन मी बाहेर आले. "ताई, अहो, विचारून तरी बघा. नाही म्हणाले तर नाही."

"मी विचारलं तर ते नाही म्हणणार नाहीत," त्या म्हणाल्या. "आपल्यामुळे माझा कार्यक्रम जातोय हे त्यांना कळलं, की भिडेखातर येतील."

साहेबांनी चहा संपवला. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याही वर कुणी आकडे मागणारं असणार. जाताना म्हणाले, कार्यक्रम सोडून जिन्यात जाऊन बसणं हे नियमात बसत नाही, ते मी डोळ्याआड केलं असतं. आता मला ते करता येणार नाही. बिस्किटं ठेवून गेले. आवडीची गाणी लागली ती त्याच्या पुढच्याच रविवारपासून.

मी ताईंशी अबोला धरला. मी अबोला धरते तेव्हा हाल माझेच होतात हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कुणी समजूत काढायला येत नाही. पण खरं सांगते, मला फार वाईट वाटत होतं. रविवारी त्या सवयीने लवकर उठायच्या, इस्त्रीचे कपडे घालून खाली यायच्या, आणि मग काय करायचं ते सुचत नाही म्हणून माझ्या समोर बसून पालेभाजी निवडायला लागायच्या. इतकी सुंदर इस्त्री, आणि मांडीवर भाजीची देठं. त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान करून घेतलं होतं, आणि तेही दोन परक्या माणसांसाठी. अशा बाईवर चिडायचं की तिला जवळ घ्यायचं, ते मला समजत नव्हतं.

शेवटी एका रविवारी मीच तोंड उघडलं.

"का थांबवलंत, ताई?"

त्यांनी एक पिवळं पान बाजूला काढलं. मला वाटलं, आता साखर विचारणार.

"इतके लोक ऐकताहेत हे तिला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "भर लोकांत कुठली मुलगी बापाला सांगेल, मी तुम्हाला घाबरायचे म्हणून? ती म्हणाली असती, वाट बघायचे. आणि ते खरं असतं तरी त्यांना जन्मभर वाटत राहिलं असतं, की लोक होते म्हणून म्हणाली. इतक्या वर्षांनी एक प्रश्न विचारला त्या माणसाने. त्याला उत्तर तरी खरं मिळायला नको का?"

असं कधी माझ्या डोक्यात आलं नसतं. आणि हे ताईंनी तेवढ्या एका श्वासात ओळखलं होतं, बटण खाली ओढायला लागतो तेवढ्या वेळात. स्वतःचा कार्यक्रम जाणार हेही त्यांनी त्याच श्वासात ओळखलं असणार. मला त्यांच्याबद्दल इतकं भरून आलं, की मी हातातली जुडी खाली ठेवली.

पण माझा स्वभाव तो माझा स्वभाव.

"लोकांसाठी बंद केलंत, ते ठीक आहे," मी म्हटलं. "पण तुम्ही आत बसायला काय हरकत होती? तुम्हाला तर त्यांनी निरोप द्यायला मधे बसवलंच होतं. निदान दाराला कान तरी लावायचा."

"नाही लावला."

"अहो, पण का? इतकं सगळं गमावलंत, निदान तेवढं तरी तुम्हाला मिळालं असतं. मी असते तर ऐकलं असतं."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या आणि मनापासून हसल्या. कार्यक्रम गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. "मी ऐकलं असतं, तर कधी ना कधी तुला सांगितलं असतं. आणि तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

खोटं नाही ते. त्या मुलीने बापाला काय उत्तर दिलं ते मला कळलं असतं, तर ते मी इथे पहिल्याच ओळीत लिहून मोकळी झाले असते.